बारभाईंचे रान



'बारभाईंची शेती, काय लागेल हाती' अशी आपल्याकडे म्हण आहे. १९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने हाच विचार मांडला. सामायिक कुरणात जो तो आपले एक जनावर वाढवीत जातो आणि शेवटी कुरणच उजाड होते. तेव्हा ते सरकारने ताब्यात घ्यावे, नाही तर खासगी मालकांना वाटून द्यावे, असे त्याचे म्हणणे. आपला वनकायदा इंग्रजी अमदानीतच यांपैकी पहिल्या वाटेने गेला होता. १९२७ चा कायदा रानाशेजारच्या माणसाकडे पाहतो, तो बव्हंशी संभाव्य गुन्हेगार म्हणून!

परंतु एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषींनी स्वित्झर्लंडमधील गायराने, जपानमधील सामायिक वने आणि स्पेनमधील पाटपाणी यांचा अभ्यास करून १९९० साली दाखवून दिले की, बारभाईंची व्यवस्था शतकानुशतके टिकू शकते. त्यासाठीची एक महत्त्वाची अट अशी की, नियम पाळणाऱ्यांनाच ते ठरविण्याचा अधिकार हवा.

याचे उदाहरण आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंडांचे लहानसे गाव. तेथील ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये तिला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. जंगल राखण्याचा, वाढविण्याचा आणि त्याची व्यवस्था पाहण्याचा हा हक्क. तथापि बांबू तोडून विकायचा, तर वाहतुकीचा परवाना वनखात्याच्याच हाती! अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले, तेव्हा कोठे कागदावरचा हक्क खरा हक्क झाला.

आता आपण म्हणाल, हा तर वनवासी बांधवांचा प्रश्न. आम्हा शहरवासीयांचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. शुद्ध हवा आणि पाणी हे घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या हक्कातच येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले. नद्या, वने यांचे सरकार हे मालक नसून विश्वस्त आहे, असेही त्याच न्यायालयाने १९९६ साली म्हटले. आता विश्वस्त म्हटला की, ज्याच्यासाठी ठेव ठेवली त्याला हिशेब मागण्याचा अधिकार आलाच. आमचे कायदे दंड सांगतात, परवाने सांगतात. पण हिशेब मागणाऱ्याला बैठकीत जागा देत नाहीत. उणीव आहे ती येथे.

सरकारने हात झटकावेत, असा याचा अर्थ नव्हे. वरच्या अंगाच्या कारखान्याने नदी नासविली, तर खालचे गाव एकट्याने काय करणार? तेथे कायदा हवा, न्यायालयही हवे. आणि ग्रामसभा झाली तरी माणसांचीच. तीत बायाबापड्यांचा आवाज दाबला गेला, तर ती एक नवी मालकीच ठरेल. म्हणून हक्क आणि सामायिक कारभार ही दोन्ही चाके एकाच गाडीला हवीत.

आज घरी जाताना नदीच्या पुलावर क्षणभर थांबा. ही नदी कोणाची, असे स्वतःला विचारा. 'सरकारची' असे उत्तर ओठांवर आले, तर मेंढ्याच्या ग्रामसभेकडून आपल्याला अजून पुष्कळ शिकायचे आहे, असे समजा.