उन्हाळ्याची दुपार आणि घरातील मुले

वार्षिक परीक्षा संपून आठ दिवस होतात न होतात तोच घराघरांतून एक प्रश्न ऐकू येऊ लागतो. जेवणे आटोपलेली असतात, रस्ता उन्हाने ओस पडलेला असतो, वडीलधारी माणसे जरा कोठे लवंडलेली असतात, आणि आठनऊ वर्षांचे मूल उशाशी येऊन म्हणते, "आई, आता मी काय करू?" सकाळी त्याला सवंगडी असतात, संध्याकाळी मैदान असते. खरी अडचण बारा ते पाच या वेळेची. नागपूरकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि विदर्भातील शाळाही इतर महाराष्ट्रापेक्षा काही दिवस उशिराच उघडतात. दिल्लीत लू वाहू लागली की तीच गत. अशा उन्हात "जा, बाहेर खेळ" असे सांगण्याची सोय नसते.

या प्रश्नाला अलीकडे एक झटपट उत्तर सापडले आहे. मोबाइल मुलाच्या हाती दिला की घर तासभर शांत होते. त्याबद्दल आईला बोल लावणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. घर दोन खोल्यांचे, आजीआजोबा दूर गावी, आणि तिच्यामागे स्वतःचे काम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोर बसण्याची मर्यादा दिवसाला एक तास, आणि त्याहून कमी तर अधिक बरे, अशी सांगितली. मोठ्या मुलांच्या बाबतीत आकड्यांची गरजही नाही. यंत्र काढून घेतले की मूल पुन्हा त्याच प्रश्नावर येते, आणि या वेळी चिडून येते.

त्या प्रश्नाचा अर्थ मात्र बहुधा चुकीचा लावला जातो. मूल करमणूक मागते आहे असे समजून मोठी माणसे धावपळ करतात. त्याला हवा असतो घरात चाललेल्या एखाद्या गोष्टीत थोडा वाटा. कुरडयांचे दिवस आठवून पाहावेत. तीन दिवस भिजलेले गहू वाटून सत्त्व काढायचे, रात्रभर ते निवळू द्यायचे, पहाटे वरचे पाणी ओतून टाकून चीक शिजवायचा आणि ऊन चढण्यापूर्वी सोऱ्याने कुरडया घालायच्या. वाटीभर गरम चीक तूप घालून आधी मुलांना मिळे, आणि मग हातात काठी घेऊन कावळे हाकलण्याची कामगिरी त्यांच्याकडे येई. ती कामगिरी महत्त्वाची आहे हे त्यांना ठाऊक असे. वाळवण बिघडले तर बोलणीही त्यांनाच बसत. आज गच्ची नसेल, तर गॅलरीत एका ताटापुरते सांडगेही घालता येतात. ते वेडेवाकडे होतील, होऊ द्यावेत.

खेळण्यांसाठी बाजारात जावेच लागते असेही नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शंखशिंपले, बिया, पाने अशा भोवतालच्या वस्तूंनाच शिक्षणाची साधने केले. सागरगोट्याचेच पाहा. काटेरी वेलीच्या तितक्याच काटेरी शेंगेतून निघणारे हे करड्या रंगाचे टणक बी. एक वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचा दुसरा उचलायचा आणि पडणारा झेलायचा; पुढे दोन, तीन, चार. कंटाळा आलाच तर तो दगडावर घासून शेजारच्याला चटका देता येतो. हा भाग आजीने शिकवलेला नसतो, पण तिला तो येत असतो.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत या दुपारींना आणखी एक मोल आहे. शाळेत हिंदी किंवा इंग्रजी, मैदानावर तेथील भाषा. मराठी उरते ती जेवणापुरती आणि रागावण्यापुरती. तेथे भेंड्यांसारखा खेळ उपयोगी पडतो. एकाने ‘पाटी’ म्हणावे, दुसऱ्याने ‘टोपली’, मग ‘लाकूड’, ‘डबा’, ‘बाभूळ’ – आणि येथे खेळ अडतो. ‘ळ’ने सुरू होणारा शब्द मराठीत नाही. बडोद्याच्या मुलाला हे अक्षर शेजारच्या गुजराती घरातही ऐकू येते; दिल्लीत किंवा कोलकात्यात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर ते घराबाहेर क्वचितच पडते, आणि ‘बाभूळ’ तो ‘बाभूल’ म्हणून जातो. लगेच धाकटी बहीण ‘ल’ घेऊन ‘लाडू’ म्हणते. मग तंटा सुरू होतो: आजोबा म्हणतात शब्द ‘ळ’ने संपला, मुलगा म्हणतो ‘ल’ने. पुनःपुन्हा म्हणून दाखवावे लागते, जीभ मागे वळवावी लागते, सगळे हसतात. ‘केळे’, ‘फळा’, ‘उन्हाळा’, ‘खेळ’ असे शब्द शोधून शोधून आणले जातात, कारण प्रतिपक्षाला अडवण्याचा हाच हमखास उपाय आहे हे आता मुलांच्या ध्यानात आलेले असते. पाच वाजून जातात, खालून सवंगडी हाका मारू लागतात, आणि वरून उत्तर येते, "थांबा रे, अजून एक ‘ळ’ राहिलाय."