चार दिवसांची सेवा



नाताळच्या सुट्टीत बाहेरगावचे ख्रिस्ती तरुण चार-आठ दिवस आपल्या खेड्यांत सेवेसाठी येऊ इच्छितात. त्यांना काय सांगावे, याविषयी दोन शब्द बोलते. मी ख्रिस्ती आहे, म्हणून स्पष्टच बोलते.

१९३६ साली जॉन मॉट हे ख्रिस्ती पुढारी शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, गांधीजींना भेटले. सेवेच्या पोटी धर्मांतराची अपेक्षा नसावी, हे गांधीजींचे सांगणे होते. मला ते पटते. औषधाच्या पुडीबरोबर धर्म पुढे केला, की सेवेचा सौदा होतो.

जे. सी. कुमारप्पा ख्रिस्तीच होते. १९३४ साली ग्रामोद्योग संघ निघाला आणि मगनवाडीत त्यांनी घाणी, हातकागद यांसारख्या धंद्यांना वर्षानुवर्षे वाहून घेतले.

आता थोडे दिवस येणाऱ्यांनी काय करावे? १९६९ साली निघालेले सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय पाहा. तेथील प्रत्येक नवी तुकडी एक गाव दत्तक घेते, तेथे शिबिर करते आणि पुढे दर महिन्याला त्याच गावी जाते.

म्हणून पाहुण्यांना आधीच कळवावे : गावाने मागितलेलेच काम करा. तेव्हा कपाशीची वेचणी चालू असते, बायका वावरात असतात. वर्ग रात्री घ्या. आपला शिधा आणा. गावच्या गवंड्याची मजुरी बुडवू नका. विचारल्यावाचून लेकरांची छायाचित्रे काढू नका. मागे काम कोण चालवील, हे येण्यापूर्वीच ठरवा.

कारण ते गेल्यावर गावात राहणाऱ्या आपणच आहोत.