रिपोर्ट निगेटिव्ह आहे, पण कधीचा?

आज हेडफोन लावून ऐका. विषय घरात स्पीकरवर लावण्यासारखा असायला हवा खरं तर, पण आपण आपापल्या घरांना ओळखतो.

एका श्रोत्याचा मेसेज आलाय. नाव सांगत नाही. थोडक्यात असा: 'मला दोन पार्टनर आहेत. दोघींनाही एकमेकींबद्दल माहीत आहे, कुणी कुणाला फसवत नाही. गेल्या महिन्यात टेस्ट केली, सगळं निगेटिव्ह. आता कंडोम नाही वापरला तर चालेल ना?'

प्रश्न सरळ विचारलाय, म्हणून उत्तरही सरळ: अजून नाही. का, ते सांगते. मी डॉक्टर नाही, दिवसभर कोड लिहिते. पण हा प्रश्न निम्मा मेडिकल आहे आणि निम्मा नेटवर्कचा. नेटवर्क मला कळतं, मेडिकल भाग नीट वाचून आलेय.

किती पार्टनर असावेत यावर आज मत देणार नाही. सज्ञान माणसं, सगळ्यांची संमती, लपवाछपवी नाही, तर तो त्यांचा प्रश्न. जंतूला तुमचं कॅरेक्टर कळत नाही. त्याला फक्त रस्ता लागतो.

तर रस्ता बघू. समजा एका माणसाचे वर्षभरात तीन पार्टनर झाले, एकापाठोपाठ एक. तिसऱ्याकडून काही संसर्ग आला, तर तो पहिल्या दोघांपर्यंत जाऊच शकत नाही, कारण ती नाती आधीच संपलीत. आता दुसरा माणूस घ्या. त्याचेही तीनच पार्टनर, पण एकाच काळात. इथे एकाकडून आलेला संसर्ग काही दिवसांत उरलेल्या दोघांपर्यंत पोहोचू शकतो, आणि त्यांचे आणखी कुणी असतील तर पुढेही. आकडा दोन्हीकडे तीनच, फरक वेळेचा. आणि हो, तुमचा पार्टनर एकच असेल पण त्याचे अजून दोन असतील, तर तुम्हीही त्याच नेटवर्कमध्ये आहात.

आता यात रिपोर्ट कुठे बसतो? एचआयव्हीचं उदाहरण घेऊ. साधी रॅपिड टेस्ट रक्तातल्या अँटिबॉडी शोधते, आणि त्या तयार व्हायला वेळ लागतो. संसर्ग झाल्यानंतर रॅपिड टेस्टमध्ये तो दिसायला तीन महिन्यांपर्यंत लागू शकतात. लॅबमधल्या चौथ्या पिढीच्या टेस्टमध्ये साधारण दीड महिना. याला विंडो पिरियड म्हणतात. गोची अशी, की सुरुवातीच्या याच आठवड्यांत रक्तात विषाणूचं प्रमाण खूप जास्त असतं. म्हणजे ज्या दिवसांत रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, त्याच दिवसांत संसर्ग सगळ्यात सहज पसरतो. आणि तेव्हाच माणूस म्हणतो, 'माझा रिपोर्ट क्लीन आहे.'

म्हणून रॅपिड टेस्टचा निगेटिव्ह रिपोर्ट तुमच्या आजबद्दल बोलत नाही. टेस्टच्या तारखेआधी तीन महिने मागे जा, खात्री तिथपर्यंतची. मेसेज करणाऱ्या मित्रासाठी तीन प्रश्न: टेस्टच्या आधीच्या तीन महिन्यांत नवीन कुणी होतं का? टेस्टनंतर कुणी आलं का? आणि दोघींनी स्वतःच्या टेस्ट केल्यात का? तिघांतल्या एकाचा रिपोर्ट म्हणजे तिघांचा रिपोर्ट नाही.

दुसरा मुद्दा, 'सगळं निगेटिव्ह' यातलं सगळं म्हणजे काय? कंपनीचा वार्षिक हेल्थ चेकअप होतो, त्यात शुगर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड असतं. एचआयव्ही आणि सिफिलिस सहसा नसतंच. ते मागून घ्यावं लागतं. मागायची यादी: एचआयव्ही, सिफिलिससाठी व्हीडीआरएल किंवा आरपीआर, हिपॅटायटिस बी आणि सी, आणि गोनोरिया-क्लॅमिडियासाठी लघवीची किंवा स्वॅबची टेस्ट. ओरल किंवा एनल सेक्स होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण घशातला किंवा गुदमार्गातला संसर्ग लघवीच्या टेस्टमध्ये दिसत नाही.

'पण मला काहीच त्रास नाही' हे तर वाक्यच फसवं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात रोज १० लाखांहून जास्त नवे, बरे होऊ शकणारे लैंगिक संसर्ग होतात, आणि बहुतेकांना लक्षणंच नसतात. क्लॅमिडिया अनेक मुलींना कळतही नाही, आणि उपचार न झाल्यास पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. सिफिलिसची पहिली जखम दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरते. माणूस म्हणतो, बरं झालं. बरं झालेलं नसतं, आजार आत सरकलेला असतो. सुरुवातीला पकडला तर साधारण पेनिसिलिनच्या एका डोसवर काम होतं. २०२२ मध्ये जगभरात प्रौढांमध्ये सिफिलिसचे ८० लाख नवे रुग्ण असल्याचा अंदाज आहे. जुना आजार आहे, पण गेलेला नाही.

म्हणून टेस्ट शंका आली की नाही, कॅलेंडर बघून करायची. एकापेक्षा जास्त पार्टनर असतील तर दर तीन ते सहा महिन्यांनी. रिमाइंडर लावा, बाइकच्या सर्व्हिसिंगचा लावता तसा.

कंडोमबद्दल पटकन. खोबरेल तेल, व्हॅसलीन लेटेक्स कंडोमबरोबर चालत नाही, तो फाटतो. पाण्याचं किंवा सिलिकॉनचं ल्युब्रिकंट वापरा. पाकिटात महिनोन्‌महिने ठेवलेला वापरू नका. पार्टनर बदलला की कंडोम बदला. आणि इमर्जन्सी पिल फक्त गर्भधारणेसाठी आहे, संसर्गाशी तिचा काही संबंध नाही.

कंडोम सगळं थांबवत नाही. हर्पीस, एचपीव्ही हे त्वचेच्या स्पर्शातूनही पसरतात. म्हणून लस. हिपॅटायटिस बी आपल्या वयाच्या बऱ्याच जणांना लहानपणी मिळालेली नाही, आईला विचारा, नसेल तर तीन डोस घ्या. एचपीव्हीची भारतीय लस तर आपल्या पुण्याच्या सीरमची आहे. लहान वयात सगळ्यात उपयोगी, पण तुमच्या वयातही डॉक्टरांना विचारून बघा.

आणि कंडोम फाटला, समोरच्याचं स्टेटस माहीत नाही, तर? सकाळी बघू म्हणू नका. एचआयव्ही टाळायला पेप नावाची औषधं असतात. ती ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी चांगली, आणि २८ दिवस घ्यायची. संबंधांच्या आधीपासून घ्यायचं औषध वेगळं, ते प्रेप. ते डॉक्टरांकडून, टेस्ट करूनच सुरू करायचं. दोन्ही फक्त एचआयव्हीसाठी, बाकी संसर्गांसाठी नाही.

जायचं कुठे? भिंतीवरच्या 'गुप्तरोग शर्तिया इलाज' वाल्याकडे नाही, आणि मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक घेऊनही नाही. सरकारी रुग्णालयात आयसीटीसी केंद्र असतं, तिथे एचआयव्ही टेस्ट आणि समुपदेशन मोफत. टोल फ्री हेल्पलाइन १०९७. एचआयव्ही कायदा २०१७ चा, लागू झाला २०१८ मध्ये. त्यानुसार तुमच्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, माहिती गोपनीय ठेवावी लागते, आणि एचआयव्ही आहे म्हणून नोकरीत भेदभाव करता येत नाही.

मुलींनो, 'लग्न झालंय का?' हा प्रश्न कुणीतरी विचारेलच. वाद घालायची गरज नाही. एवढंच म्हणा: 'मी सेक्शुअली अ‍ॅक्टिव्ह आहे, एकापेक्षा जास्त पार्टनर आहेत, मला या टेस्ट करायच्या आहेत.' तरीही लेक्चर मिळालं तर डॉक्टर बदला, टेस्ट सोडू नका.

शेवटचं, आणि सगळ्यात अवघड. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर पार्टनरला सांगणं. इथे बहुतेक जण गप्प बसतात आणि एकटेच औषध घेतात. मग बरा झालेला माणूस उपचार न झालेल्या पार्टनरकडून तोच संसर्ग परत घेतो. सांगायला मोठं भाषण लागत नाही. मेसेज असा पाठवा: 'माझी क्लॅमिडियाची टेस्ट पॉझिटिव्ह आली. उपचार सुरू आहेत. कुणाकडून आलं ते मला माहीत नाही आणि शोधतही नाहीये. तू टेस्ट करून घे. हवं तर मी सोबत येते.' कोणी कुणाला दिलं याचा तपास करत बसू नका. लक्षणं नसतील तर ते बहुतेकदा कळतच नाही, आणि त्या भांडणात टेस्ट राहून जाते.

आणि एचआयव्ही पॉझिटिव्ह आला तरी आयुष्य संपत नाही. एआरटी औषधं सरकारी केंद्रात मोफत आहेत. रोज घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर सेक्समधून तो दुसऱ्याला जात नाही. हे आता पक्कं सिद्ध झालंय. ज्याला आपलं स्टेटस माहीत आहे आणि औषध सुरू आहे, त्याच्यापेक्षा ज्याने कधी टेस्टच केली नाही त्याच्याकडून धोका जास्त.

तर आजचा गृहपाठ: तुमच्या शेवटच्या रिपोर्टची तारीख शोधा. सापडली नाही, तर या आठवड्यात टेस्टची तारीख ठरवा. हा एपिसोड ज्याला पाठवायला लाज वाटतेय, त्यालाच पाठवा. भेटू पुढच्या शुक्रवारी. काळजी घ्या, स्वतःची आणि एकमेकांची.