बुकिंग कार्डावरून की एजंटकडून?


सुट्टीचे बेत ठरताहेत ना?
मग बुकिंग कुठे करायचं, तेही ठरवू या.

पुणे ते दिल्ली, साधं विमानाचं तिकीट हवंय?
क्रेडिट कार्डाची प्रवाससेवा सोयीची.
साठलेले पॉइंट वापरता येतात.
मात्र विमान कंपनीच्या साइटवरचा दरही पाहा.

आई-बाबांना चारधामला न्यायचंय?
तिथे आधी नोंदणी लागते.
दरड कोसळली, की रस्ता बंद होतो.
अशा वेळी फोन उचलणारा,
मुक्काम बदलून देणारा,
खात्रीचा एजंट हवा.
त्याच्याकडून पक्की पावती घ्या.

पुन्हा सांगते.
साधा प्रवास असेल, तर कार्ड.
गुंतागुंतीचा असेल, तर एजंट.

आणि दोन्हीकडे,
पैसे भरण्याआधी,
तिकीट रद्द केल्यास किती परत मिळतील,
हे लेखी पाहून घ्या.