पुस्तक मिटून पाहावे



बिडी कामगारांत काम करणारा माणूस अभ्यासावर काय बोलणार, असे आपणांस वाटेल. परंतु आमच्या दृष्टीने हा कामगारांचाच प्रश्न आहे. गोंदिया जिल्ह्यात बिड्या वळून ज्यांनी संसार केला, त्यांची मुले आज महाविद्यालयात जीवशास्त्र शिकतात. त्यांतली कित्येक रात्ररात्र जागून पुस्तक वाचतात आणि तरी नापास होतात. मग घरात निवाडा होतो, 'हे आपल्या डोक्यात शिरायचे नाही.' मुलगी शिक्षण सोडून तंबाखूचे सूप मांडीवर घेते. हा निवाडा आम्हांला मान्य नाही. दोष डोक्याचा नव्हे, रीतीचा आहे.

आमचाच अनुभव सांगतो. शाळा लवकर सुटली. १९६६ चा बिडी कामगारांचा कायदा आम्ही घरीच दहादा वाचला. पान उघडे असले की सारे ओळखीचे वाटे. पुढे एका बैठकीत मालकाच्या वकिलाने कलम विचारले आणि आमच्या तोंडून शब्द फुटेना. बाया आमच्याकडे आशेने पाहत होत्या. त्या दिवशी उमगले की, ओळखणे निराळे आणि आठवणे निराळे. तेव्हापासून आम्ही एक कलम वाचावे, पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर लिहावे आणि मग ताडून पाहावे, असा क्रम धरला.

हे केवळ आमचे म्हणणे नव्हे. २००६ साली अमेरिकेत रोडिगर व कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. त्यांतील एक समुद्री पाणमांजराविषयी होता. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना शेकडा सुमारे ४२, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ भाग आठवला.

तेव्हा हृदयाचा पाठ वाचला की पुस्तक मिटावे आणि आकृती काढावी. उजवे अलिंद, उजवे निलय, फुप्फुसे, डावे अलिंद, डावे निलय, असा रक्ताचा मार्ग बाणांनी दाखवावा. डाव्या निलयाची भिंत जाड का, हेही स्वतःला विचारावे. साऱ्या शरीराला रक्त पोचविण्याचे काम तिचे आहे, हे कळले की आकृती पाठ करावी लागत नाही. मग पुस्तक उघडून चुका लाल शाईने दुरुस्त कराव्या. हीच आकृती दोन दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने काढावी. एका रात्री सहा तास बसण्यापेक्षा तेच सहा तास आठवड्यावर वाटलेले बरे.

बिडीवाल्यांना छाट म्हणजे काय ते सांगणे नको. दुसऱ्याने आपल्या बिड्या बाजूला टाकण्याआधी आपणच आपली छाट काढावी, हाच अभ्यासाचा अर्थ.

मराठीतून शिकून आलेल्या मुलांना शास्त्रीय नावांची धास्ती वाटते. ती नावे फोडून पाहावी. आपल्या तेंदूचे नाव डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन. ग्रीक भाषेत मेलास म्हणजे काळे, झायलॉन म्हणजे लाकूड. तेंदूचा गाभा काळा असतो, हे आपल्या जंगलात जाणाऱ्याला ठाऊकच आहे. त्याच मेलासपासून त्वचेतील मेलॅनिन आणि झायलॉनपासून झाडात पाणी वाहून नेणारे झायलेम. एक नाव फोडले, तीन शब्द हाती आले.

शेवटी आईबापांना एक विनंती. आपणांस इंग्रजी वाचता येत नसेल, तरी बिघडत नाही. रात्री हातातले काम चालू असताना मुलीला एवढेच म्हणा, 'आज काय शिकलीस, पुस्तक न पाहता मला समजावून सांग.' ती जिथे अडखळेल, तिथेच तिचा उद्याचा अभ्यास आहे. आणि ती अडखळली म्हणून तिच्या डोक्याला बोल लावू नका.