गच्चीवरचं वाळवंट

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांपुढे केलेलं भाषण)



कमिटीने मला विषय दिलाय 'माझा छंद' आणि वेळ दिलाय पंधरा मिनिटं. पुरेसा आहे. कॅक्टसवाल्याला वेळेची तक्रार करता येत नाही, कारण आमचं निम्मं काम पाणी न घालण्याचं असतं.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. 'काटेरी झाड घरात ठेवू नये, कटकटी होतात,' असं मला या बिल्डिंगमध्ये अनेकांनी अगदी मायेनं सांगितलंय. सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या बाल्कनीत ब्रह्मकमळ आहे. पावसाळ्यात रात्री ते उमललं की आपण हळदकुंकू वाहतो, शेजाऱ्यांना झोपेतून उठवतो, ग्रुपवर फोटो टाकतो. ते ब्रह्मकमळ कॅक्टसच आहे बरं का! एपिफायलम त्याचं नाव, मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळं, ते सूर्यफुलाच्या कुळातलं. आणि मंडईतून आपण जे ड्रॅगन फ्रूट आणतो, तेही कॅक्टसचंच फळ. म्हणजे कटकटी व्हायच्या त्या कधीच्याच घरात आल्यात.

उलट गावाकडे बांधावर दिसणारा शेर आणि त्रिधारी निवडुंग हे कॅक्टस नव्हेत. ते युफोर्बिया. चीक आला म्हणजे युफोर्बिया असं लोक सांगतात, पण काही मॅमिलेरियांनाही चीक असतो, तेव्हा त्यावर जाऊ नका. काट्याच्या बुडाशी लवेची बारीक गादी दिसते का ते बघा. ती असेल तर कॅक्टस. आपला फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस, आणि तोही अमेरिकेतून आलेला. एके काळी तो देशभर इतका माजला होता की त्याला खाणारा किडा १९२०च्या दशकात मुद्दाम बाहेरून आणावा लागला.

आता हवामान. मेक्सिकोत तेवाकान नावाचं खोरं आहे. खांबांसारख्या उंच कॅक्टसच्या जंगलांसाठी ते प्रसिद्ध आहे, आणि २०१८ साली त्याला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. नकाशा उघडून बघा, ते जवळजवळ आपल्या हडपसरच्याच अक्षांशावर आहे. पाऊससुद्धा तिकडे उन्हाळ्यातच पडतो आणि हिवाळा कोरडा जातो. म्हणजे या झाडांचं घड्याळ आपल्या घड्याळाशी बऱ्यापैकी जुळतं. जुळत नाहीत ते आपले जुलै-ऑगस्ट. आठवडा-आठवडा ऊन नाही, भिंतींना ओल, टॉवेल वाळत नाहीत. अशा हवेत ओल्या कुंडीत बुरशी धरते आणि झाड खालून सडायला लागतं. वरून ते टवटवीत दिसतं. बोटानं दाबलं तर मऊ लागतं, पण तोवर उशीर झालेला असतो. वाळवंटातलं झाड उन्हानं मरेल अशी काळजी लोक करतात. पुण्यात ते पाण्यानं मरतं.

म्हणून मृगाच्या आधी माझ्या रॅकवर पारदर्शक पत्रा चढतो. बाजू उघड्या, वारा खेळता हवा. प्लास्टिकनं चारी बाजू बांधल्या तर आत भट्टीही होते आणि दमटपणाही कोंडतो. चार महिन्यांत पाणी अगदी बेतानं. दोन-तीन दिवस सलग ऊन पडलं तरच, तेही सकाळी. रोपवाटिकेतून आणलेली कुंडी तशीच ठेवायची नाही, कारण तिच्यात कोकोपीट किंवा चिकट लाल माती असते आणि ती पाणी धरून बसते. मी बारीक विटेचा चुरा, जाड वाळू, थोडा कोळसा आणि मूठभर गांडूळखत घेतो. पाणी घातल्यावर ते लगेच खालच्या भोकातून बाहेर यायला हवं. थांबलं की मिश्रण चुकलं.

सप्टेंबर ते नोव्हेंबर हा सुखाचा काळ. पाणी घाला, झाडं फुगतात. डिसेंबर-जानेवारीत हात आखडता घ्यायचा. रोज झाडांना पाणी घालायची ज्यांची सवय आहे त्यांना हे फार जड जातं. आमच्या सौ. तांब्या घेऊन गच्चीकडे निघाल्या की मी पहिल्यांदा तांब्या काढून घेतो. जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं, ते जरूर बघा. आपल्यापासून लांब नाही. फेब्रुवारीत कळ्या दिसतात, बी पेरायचे दिवसही तेच. एप्रिल-मेमध्ये हिरवी जाळी लागते. ही झाडं पानावाटे नाही, खोडावाटे श्वास घेतात, आणि तोही रात्री, गारव्यात. आपल्या गच्चीचा स्लॅब मे महिन्यात रात्री दहालाही तापलेला असतो. तेव्हा ती मिटून बसतात. त्या दिवसांत भरपूर पाणी घालणं म्हणजे झोपलेल्या माणसाच्या तोंडात घास कोंबण्यासारखं. आणि खोडाच्या खाचेत कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. ब्रशनं स्पिरिट लावा. मुळांशीही असतो, म्हणून वर्षातून एकदा कुंडी उपसून बघायची.

आता ज्यासाठी मी मुद्दाम उभा राहिलोय ते सांगतो. 'दुर्मिळ' हा शब्द.

सोलापूर रोडच्या रोपवाटिकांमध्ये गोल्डन बॅरल सर्रास मिळतो. पिवळ्या काट्यांचा गोळा, तुम्ही बघितला असेल. मेक्सिकोत त्याच्या मूळ जागी तो संकटात आहे. १९९०च्या दशकात तिथे सिमापान धरण झालं आणि त्याच्या जागेचा मोठा भाग पाण्याखाली गेला. उरलेला लोकांनी उपटून नेला. २०१५ साली जगभरच्या कॅक्टसची पाहणी झाली, तेव्हा ३१ टक्के जाती धोक्यात निघाल्या. एक मोठं कारण संग्राहक. म्हणजे माझ्यासारखे लोक. २०२० साली इटलीत एका माणसाच्या घरातून चिलीच्या वाळवंटातले हजारावर कॅक्टस पकडले. वर्षाला काही मिलिमीटर वाढणारी, कित्येक दशकांची झाडं. पुढच्या वर्षी त्यातली आठशेच्या वर झाडं विमानानं परत चिलीला पाठवली.

हे लांबचं वाटेल. मग जवळचं सांगतो. शिवनेरीच्या कड्यांवर शिंदळ माकुडी नावाची वनस्पती आहे. कॅक्टस नव्हे, पण तिच्यासारखीच पाणी साठवणारी. पावसाळ्यात पानं येतात, कोरड्या दिवसांत झडतात. चांदणीसारखं गडद लाल फूल, त्यावर पिवळे ठिपके. महाराष्ट्राच्या मोजक्या डोंगरांवर ती आहे, जगात दुसरीकडे कुठे नाही. शास्त्रीय नाव फ्रेरिया, मुंबईचे गव्हर्नर फ्रेअर यांच्यावरून. नाव साहेबाचं, कडा आपला! ट्रेकला जाऊन तिची फांदी तोडून आणून कुंडीत लावणारे लोक मला भेटलेत. मला म्हणाले, 'काका, तुमच्याकडे नाही, घ्या.' मी घेतली नाही. माझ्या रॅकवर तिची जागा रिकामी आहे असं म्हणा हवं तर. कुंडीत लावलेल्या झाडाची फांदी कोणी दिली तर मी आनंदानं लावीन, कारण फांदीपासून ती सहज येते. मग कडा ओरबाडायचं कारण काय?

तेव्हा ऑनलाइन घेताना नीट बघा. बियांपासून वाढवलेलं झाड स्वच्छ, गोल, ताज्या काट्यांचं असतं. उपटलेल्याचं बूड खरबरीत, अंगावर व्रण, काटे झिजलेले आणि मुख्य मूळ कापलेलं असतं. विक्रेता ते 'खास जंगलातलं' म्हणून जास्त पैशांना विकतो. तेच न घेण्याचं कारण. शिवाय जवळजवळ सगळे कॅक्टस आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, परदेशातून परवान्याशिवाय मागवता येत नाहीत. बी पेरा. अ‍ॅस्ट्रोफायटम बियांपासून चार-पाच वर्षांत फुलतो. एरिओकार्पसला दहा वर्षंही लागतात. ही सोसायटी उभी राहिली तेव्हा आजूबाजूला उसाचे आणि भाजीचे मळे होते. पंचवीस वर्षं कशी गेली ते आपण बघितलंच. दहा काय मोठी!

गच्चीबद्दल एक शब्द, नाहीतर सेक्रेटरी साहेब मला खाली उतरू देणार नाहीत. गच्ची सगळ्यांची आहे. कुंड्या थेट वॉटरप्रूफिंगवर ठेवू नका, लोखंडी स्टँड घ्या आणि तो कठड्यापासून आत, तुळईच्या वर ठेवा. पाणी नेणारा पाइप कुंडीतल्या मातीनं तुंबला तर खालच्या मजल्याच्या छतात ओल उतरते आणि मग सभेत विषय निघतो. काटेरी कुंड्या लहान मुलांच्या हातापासून उंच ठेवा.

आज बाहेर चहाच्या टेबलाशेजारी चाळीस रोपं मांडली आहेत. सगळी माझ्या बियांची, तीन वर्षांची, बहुतेक मॅमिलेरिया आणि जिम्नोकॅलिशियम. घरटी एक न्या, पैसे नाहीत. प्रत्येक कुंडीला चिठ्ठी लावलीय. तिच्यावर झाडाचं नाव आहे, पेरल्याची तारीख आहे आणि खाली लाल शाईत एक ओळ आहे: जुलैत मला विचारल्याशिवाय पाणी घालू नये. माझा फ्लॅट नंबर सगळ्यांना माहीतच आहे.