यादी लागेपर्यंत
(पहूर येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी दोन शब्द बोलावे अशी चालकांनी आम्हांस आज्ञा केली. सत्कार गुणांचा असतो, आणि गुणांविषयी बोलणारे वक्ते पुष्कळ आहेत. आम्ही त्यानंतरच्या दिवसांविषयी बोलणार आहोत. निकाल हाती आलेला असतो, पण नंबर कोठे लागणार हे ठरलेले नसते, ते दिवस.

१९४५ साली अमळनेरास प्रताप महाविद्यालय व जळगावास मूळजी जेठा महाविद्यालय सुरू झाले. तत्पूर्वी खानदेशातील मुलास कॉलेजसाठी खानदेशाबाहेरची वाट धरावी लागे. पुढे पहूरचा विद्यार्थी कोणी छोट्या गाडीने पाचोऱ्यामार्गे, कोणी एस.टी.ने जळगाव गाठी, फळ्यावरील यादीत आपले नाव शोधी व संध्याकाळी परत येऊन घरी सांगे. ती छोटी गाडी २०२० साली बंद पडली. फळ्यावरची यादीही आता गेल्यातच जमा आहे.

सन २०२५ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या महाराष्ट्रात एकाच ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. तोवर ही पद्धत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरती होती. त्या वर्षी दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला. अर्ज २१ मे रोजी सुरू व्हावयाचे, तो संकेतस्थळच अडले; पुन्हा आरंभ २६ मे रोजी झाला. पहिली यादी लागली २८ जूनला. मध्ये दीड महिना गेला. रोहिणी सरली, मृग सरला, आर्द्रा नक्षत्र लागले. आपल्या भागात हाच काळ कपाशीच्या लागवडीचा. बियाणे, खत आणि कॉलेजची फी ही एकाच थैलीतून निघावयाची असतात, हे शहरातल्या मंडळींच्या ध्यानी येत नाही.

या दिवसांत घरात काय चालते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. बाप मोबाईल उचलतो, पाहतो, ठेवतो. आई देवापाशी जरा अधिक वेळ बसते. पिठाच्या गिरणीवर, एस.टी. स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत एकच विचारणा होते, "काय, कोठे लागला नंबर?" विचारणाऱ्याची आस्था खरी असते. पण दिवसातून पाच वेळा विचारले गेले म्हणजे पोरीस गिरणीवर जाणेही नकोसे होते.

आमच्या मते या काळजीचा मोठा वाटा यादीपेक्षा घरातल्या अबोल्याचा असतो. अर्जात दहापर्यंत पसंती लिहिता येतात. त्या कोण लिहितो? पुष्कळदा इंटरनेटच्या दुकानातील मुलगा. पोरीने पहिल्या पसंतीस जळगावचे कॉलेज सांगितलेले असते. परंतु रोज एस.टी.ने ये-जा करावयाची, वसतिगृहात राहावयाचे, की आत्याच्या घरी, यावर घरात चकार शब्द निघालेला नसतो. बाप मनात म्हणतो, नंबर लागला तर पाहू. पोर मनात म्हणते, नंबर लागला तर आबा नाही म्हणणार नाहीत. दोघेही एकाच यादीची वाट पाहतात, आणि दोघांना तिच्याकडून निराळे उत्तर हवे असते. मुलाच्या बाबतीत हा प्रश्न फारसा उठत नाही, हेही येथे बोलून टाकतो.

"लागला तर पाहू" हे फार महाग पडते. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळूनही मुदतीत प्रवेश घेतला नाही, तर त्या विद्यार्थ्यास पुढील नियमित फेऱ्यांत स्थान नाही, असा २०२५ च्या प्रवेशांचा नियम होता. त्या वर्षीच्या पहिल्या यादीत सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांस जागा मिळाल्या, व त्यांतील चार लाखांहून अधिकांस पहिलीच पसंती मिळाली. म्हणजे पोरीने पहिल्या ओळीत जे लिहिले तेच पुढे येण्याचा संभव मोठा. घरचा विचार त्यानंतर सुरू झाला, तर हाती उरतात मोजके दिवस. त्यांत भांडण होते, निर्णय होत नाही.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. जातीचा दाखला व नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र निकालापूर्वीच काढून ठेवावे. बारावीनंतर इंजिनियरिंग वा मेडिकलकडे राखीव जागेतून जाणाऱ्यास जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करावा.

चालकांस आमची एक विनंती आहे. निकालाच्या आठवड्यात एक संध्याकाळ याच सभागृहात ठेवावी. विद्यार्थ्याने आईवडिलांसह यावे व पसंतीची नावे प्रथम कागदावर लिहावी. प्रत्येक नावापुढे राहण्याची सोय व वर्षाचा खर्च मांडावा. ज्या नावास घरची संमती नसेल ते तेथेच खोडावे, आणि का खोडले ते पोरीस समोर बसवून सांगावे. तिचेही ऐकून घ्यावे. कागद-पेन मंडळाने पुरवावे, चहाचा खर्च आमच्याकडे.